लाईट येते, पण ४२ कॉम्प्युटर उठत नाहीत: बायॉसची सेटिंग कमांडने बदलायची आहे

गोदाकाठचा | सोमवार, दुपारी २:१०

मंडळी, नमस्कार.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात लॅब सहायक आहे. लॅबमध्ये ४२ मशिनं आहेत: २० डेलची ऑप्टिप्लेक्स, १४ एचपीची प्रोडेस्क, ८ लेनोव्होची थिंकसेंटर. सात-सातच्या सहा ओळी. यूपीएस आहे, म्हणजे त्याचा डबा आहे. आतल्या बॅटऱ्या दोन उन्हाळ्यांपूर्वीच वारल्या. नव्या बॅटऱ्यांची फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विचारू नका.

एप्रिल लागला की इकडं लाईटीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. लाईट गेली तर गेली, त्याचं दुःख नाही. आल्यावर मशिनं आपली गप पडून राहतात, हा ताप आहे. मागं रॅम चोरीला गेली होती म्हणून सगळे कॅबिनेट लोखंडी पेटीत कुलूपबंद केलेत. किल्ली फिरवा, हात आत घाला, बटण दाबा, पुढं सरका. असं ४२ वेळा. परवा प्रॅक्टिकल परीक्षेत तीनदा गेली, गुडघे गेले माझे.

लाईट परत आल्यावर मशीनने काय करायचं याची सेटिंग बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये असते हे माहीत आहे. पण प्रत्येक मशीन चालू करून एफ-टू, एफ-टेन मारत बसायचं म्हणजे दोन दिवस गेले. हे विंडोजमधूनच कमांड देऊन होतं म्हणे. कसं करायचं? आधी नुसतं वाचता येईल का, कोणत्या मशिनात आत्ता काय आहे ते? आणि चुकलं तर मशीन कायमचं बसतं का?

---

चुलीवरची_भाकर | सोमवार, दुपारी २:२५

पेट्यांची कुलुपं काढा, निम्मं काम झालं. :)

---

गोदाकाठचा | सोमवार, दुपारी २:३१

आणि रॅम तुम्ही भरून देणार का भाऊ?

---

वाळूज_नाईटशिफ्ट | सोमवार, रात्री ११:४८

होतं. वाळूजच्या एका कारखान्यात तीनेकशे मशिनं सांभाळतो, त्यात तुमच्या तिन्ही कंपन्या आहेत. सवडीने लिहितो. इथे देवनागरीचा नियम आहे म्हणून कमांडांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायच्या. आणि प्रत्येक हत्यार स्वतःची मदत दाखवतं, स्पेलिंग तिथून घ्या, माझ्यावर जाऊ नका.

तिन्हीकडे कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नेच उघडायचं. हे विसरलं की काहीतरी गोलमाल उत्तर येतं आणि माणूस तासभर चुकीच्या जागी शोधत बसतो.

डेल: त्यांचं ‘कमांड कॉन्फिगर’ नावाचं मोफत पॅकेज आहे. आतला कामाचा प्रोग्राम ‘सीसीटीके’. त्याच्यापुढे दोन आडव्या रेघा आणि सेटिंगचं नाव दिलं की आत्ताची किंमत दिसते. त्याच नावाला बरोबरचं चिन्ह लावून नवी किंमत दिली की ती लिहिली जाते. तुमची सेटिंग म्हणजे ‘एसी पॉवर रिकव्हरी’, नाव आखडून लिहिलेलं असतं. तिला तीनच उत्तरं माहीत आहेत. ऑफ, म्हणजे पडून राहा. ऑन, म्हणजे उठ. लास्ट, म्हणजे लाईट जाताना जसा होतास तसा हो. एक आडवी रेघ आणि ‘ओ’ लावून फाईलचं नाव दिलं तर सगळ्या सेटिंग फाईलमध्ये उतरतात.

एचपी: ‘बायॉस कॉन्फिगरेशन युटिलिटी’, आम्ही बीसीयू म्हणतो. स्लॅश गेट, कोलन, फाईलचं नाव. साध्या मजकुराची फाईल मिळते. प्रत्येक सेटिंगचं नाव एका ओळीवर, खाली थोडं आत सरकून सगळे पर्याय, आणि जो चालू आहे त्याच्या आधी चांदणी. तुमची सेटिंग ‘आफ्टर पॉवर लॉस’. पर्याय तेच तीन, फक्त ‘लास्ट’च्या जागी ‘प्रीव्हियस स्टेट’. चांदणी इकडची तिकडे करायची आणि स्लॅश सेटने फाईल परत घालायची.

लेनोव्हो: काही उतरवून घ्यायची गरज नाही. थिंक मालिकेतल्या मशिनांच्या सेटिंग विंडोजच्या डब्ल्यूएमआयमधून (मशीनची माहिती विचारायची विंडोजची सोय) थेट दिसतात. पॉवरशेलमधून ‘लेनोव्हो बायॉस सेटिंग’ हा क्लास विचारला की सगळी यादी येते: नाव, स्वल्पविराम, किंमत. बदलताना मात्र पायऱ्या दोन. आधी ‘सेट बायॉस सेटिंग’, मग ‘सेव्ह बायॉस सेटिंग्ज’. पहिलीला ‘सक्सेस’ आलं म्हणून उठून जाऊ नका. दुसरी दिली नाही तर रीस्टार्टनंतर पहिले पाढे पंचावन्न. आणि नावातली लहान-मोठी अक्षरं तंतोतंत हवीत.

आता मशीन बसण्याबद्दल. वाचल्याने काही होत नाही, मनसोक्त वाचा. लिहिताना कंपनीच्या हत्याराने लिहिलं तर फर्मवेअर (म्हणजे बायॉसच) स्वतः तपासून घेतं, भलती किंमत दिली तर नाकारतं. बसतं ते दुसऱ्याच कारणाने. कुणीतरी ‘आलोच आहे तर’ म्हणून बायॉस अपडेटही लावतो आणि मध्येच लाईट जाते. सेटिंग बदलणं वेगळं, अपडेट वेगळं. तुमच्या लॅबमध्ये बॅटऱ्या येईपर्यंत दुसऱ्याचं नावही काढू नका.

म्हणून: आधी प्रत्येक मशीनची फाईल काढा, मशीनच्या नंबराने पेनड्राइव्हवर ठेवा, मग एका ओळीतल्या एकाच मशीनवर लिहा.

---

जुना_फ्लॉपीवाला | मंगळवार, सकाळी ७:०५

वा! कमांडने बायॉस हे ऐकून दिवस आठवले.

१९८१च्या आयबीएम पीसीत सेटिंग म्हणजे बोर्डावरचे छोटे खटके, नखाने वरखाली करायचे. १९८४ला पीसी-एटी आला, त्यात मोटोरोलाची घड्याळाची चिप. एकूण ६४ बाइट, त्यातले १४ घड्याळाचे आणि उरलेल्या ५० मध्ये सगळा संसार. वाचायचं तर पोर्ट ७० वर बाइटचा नंबर टाकायचा आणि ७१ वरून उत्तर घ्यायचं.

नव्वदीत औरंगाबादला (तेव्हाचं नाव तेच) आमच्या वर्गातल्या पोरांना हे दोन आकडे पाठ होते. लॅबच्या सरांनी सेटअपला पासवर्ड लावला की डॉसचा ‘डीबग’ उघडायचा, ‘ओ ७० २ई’, ‘ओ ७१ एफएफ’, ‘क्यू’. चेकसम (बाइटांची पडताळणीची बेरीज) बिघडायचा, पुढच्या वेळी मशीन म्हणायचं माझं काही आठवत नाही, आणि पासवर्ड गायब. सर बिचारे दर सोमवारी नवा पासवर्ड लावायचे आणि या सेटिंग जपणाऱ्या बोर्डावरच्या सेलला शिव्या घालायचे.

आता पासवर्ड तिथे नसतो आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये डीबगही नाही. तेव्हा पोरांपासून तेवढी भीती नको.

---

मांजरा_थडी | मंगळवार, सकाळी ९:४०

लातूरहून लिहायलोय. आमच्या लॅबला उबुंटू आहे, म्हणून लिनक्सची बाजू टाकतो. लई सोपी आहे.

लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या ५.११ आवृत्तीपासून डेलच्या सेटिंग थेट फाईली होऊन दिसतात. ‘सिस’, ‘क्लास’, ‘फर्मवेअर ॲट्रिब्यूट्स’ असं खाली उतरायचं, प्रत्येक सेटिंगची एक पिशवी. आत ‘करंट व्हॅल्यू’, ‘पॉसिबल व्हॅल्यूज’ अशा चिठ्ठ्या. रूट (म्हणजे ॲडमिन) होऊन पहिली ‘कॅट’ने वाचायची, दुसऱ्या चिठ्ठीतला शब्द ‘एको’ने पहिलीत लिहायचा. झालं. लेनोव्होच्या थिंक मालिकेचं ५.१४ ला आलं, एचपीचं बरंच उशिरा, ६.६ ला. ‘पेंडिंग रीबूट’ नावाची एक फाईल आहे, तिच्यात १ दिसला म्हणजे बदल रीस्टार्टची वाट बघायलाय.

त्याहून सोपं म्हणजे ‘एफडब्ल्यूयूपीडी’ हे हत्यार, आवृत्ती १.८.४ किंवा पुढची. त्यात ‘गेट बायॉस सेटिंग्ज’ आणि ‘सेट बायॉस सेटिंग’ अशा दोन कमांडा आहेत. कंपनी कोणतीही असो, कमांड तीच.

एक सांगून ठेवतो. नेटवर ‘ईएफआय व्हार्स’ (फर्मवेअरची साठवण) फोल्डरमध्ये घुसून हाताने बाइट बदलायचे उपाय सापडतील. तिकडं जाऊ नका. २०१३ मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप याच साठवणीत भलतं भरल्यामुळे कायमचे गेले होते. २०१६ मध्ये लिनक्सवर सगळ्या फाईली पुसण्याची कमांड देताना तिथपर्यंत पुसलं गेलं आणि मदरबोर्डच उठेना, असे किस्से गाजले. तेव्हापासून कर्नल तिथल्या बहुतेक फाईलींना कुलूप घालून ठेवतं. ते कुलूप काढायचा उपाय कुणी सुचवला तर त्याला आधी त्याच्या मशिनावर करून दाखवायला सांगा.

---

गोदाकाठचा | बुधवार, संध्याकाळी ६:१५

वाळूजकर, मांजरा, लई आभार. आज तीन तास लाईट सलग होती (उपकार!), सगळी ४२ वाचून काढली.

डेलच्या २० पैकी १७ मध्ये ऑफ, ३ मध्ये लास्ट. ती तीन कुणी केली देव जाणे. एचपी सगळी ऑफ. लेनोव्होच्या दोघांनी ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हटलं. मग लक्षात आलं, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलंच नव्हतं. तुम्ही सांगूनसुद्धा.

गंमत म्हणजे चार मशिनांत तारीख २०१६ची आहे. पोरं मागच्या महिन्यापासून ओरडायलेत की या मशिनांवर परीक्षेची साईट उघडत नाही. मी म्हणायचो नेट गेलंय. साईटचं प्रमाणपत्र बघायला गेलं तर ब्राउझर म्हणतं हे अजून सुरूच झालेलं नाही!

तर आता सगळ्यांना ‘ऑन’ करून टाकतो. उद्या.

---

बालाघाटी | बुधवार, रात्री ८:५०

थांबा हो दादा, उद्या कशाला गडबड करायलाव.

मी बीडकडचा, शेतकरी माणूस, कॉम्प्युटरातलं फार कळत नाही. पण हे ‘ऑन’ म्हणजे आमचा ऑटोस्विच झाला की. आमच्या शिवारात दर विहिरीवर स्टार्टरला ऑटोस्विच. रात्री दोनला थ्री-फेज आली तरी उठायला नको, मोटार आपोआप चालू. पण सगळ्यांच्या मोटारी एकाच सेकंदाला उचलतात. मोटार उचलताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. मग डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो, फ्यूज जातो, नाहीतर डीपीच जळते. मग वर्गणी काढा, जळालेली डीपी ट्रॅक्टरमध्ये घाला, दुसरी येईपर्यंत उभं पीक वाळताना बघा. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं दरवर्षी सांगतात. काढत कुणीच नाही, कारण शेजाऱ्यानं काढला नाही तर मीच का?

तुमच्या ४२ मोटारी एकदम उचलल्या तर?

---

वाळूज_नाईटशिफ्ट | गुरुवार, पहाटे १:३०

बालाघाटी, मानलं. हे मी लिहायला हवं होतं.

सर्व्हरवर यासाठी वेगळी सेटिंगच असते: लाईट आल्यावर लगेच उठायचं, की फर्मवेअरने मनानं थोडं थांबून, की आपण ठरवलेल्या सेकंदांनी. डेस्कटॉपवर ती बहुधा नसते.

पर्याय असा. सगळी मशिनं ऑफवरच ठेवा, एकच मशीन ऑन करा. ते उठलं की त्यातली स्क्रिप्ट बाकीच्यांना नेटवर्कवरून सात-सातच्या घोळक्याने जागं करेल, मध्ये अर्धा मिनिट सोडून. ‘वेक ऑन लॅन’. पाकीट अगदी साधं असतं: सहा वेळा एफएफ, मग त्या मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा नंबर) सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. नेटवर्क कार्डाने हे ऐकलं की ते मशीनला उठवतं. बायॉसमध्ये वेक ऑन लॅन चालू आणि ‘डीप स्लीप’ बंद हवं, दोन्ही याच कमांडांनी होतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर ते मध्ये कडमडतं.

---

गोदाकाठचा | गुरुवार, दुपारी ४:०५

केलं हो. सात मशिनांवर करून पाहिलं. व्यवस्थित शटडाउन केल्यावर पाकीट पाठवलं की सातही टुणकन उठतात. पण लाईट पूर्ण जाऊन आली की त्यातली चारच ऐकतात, तीन बहिरी. शिवाय नेटवर्क स्विचही लाईटीवरच आहे, तो उठायला त्याचा वेळ घेतो.

---

उजेड_येईल | गुरुवार, रात्री ९:२०

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवते, नांदेडला. बालाघाटी दादांचं उदाहरण चपखल आहे, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यात एक मेख आहे.

मोटार ऑटोस्विचमुळे उचलते. कॉम्प्युटरचा पहिला झटका मात्र मशीन उठलं म्हणून बसत नाही. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, मोठे कपॅसिटर असतात. लाईट आली की ते भरतात, मशीन चालू असो की बंद, बायॉसमध्ये ऑन असो की ऑफ. मागचा खटका चालू आहे एवढं पुरेसं. एका मशीनचा हा झटका चाळीस-पन्नास अँपिअरपर्यंतही जाऊ शकतो, फक्त काही मिलिसेकंदांसाठी. ४२ जण एकदम म्हणजे विचार करा. म्हणजे वाळूजकरांच्या घोळक्याच्या युक्तीने विंडोज उठतानाचा भार वाटला जाईल, पण पहिला झटका तसाच बसेल.

आणखी एक. हा झटका आवरायला आत एक एनटीसी नावाचा रोधक असतो. थंड असताना तो प्रवाह अडवतो, तापला की मोकळी वाट देतो. मशिनं तासभर चालली, लाईट गेली आणि पाच सेकंदांत परत आली, तर तो अजून गरमच असतो. अडवायला कुणीच नसतं. म्हणून सकाळच्या पहिल्या लाईटीपेक्षा दुपारी झपकन जाऊन येणारी लाईट जास्त एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारे खटके) पाडते. तुमच्याकडे तसंच होतं का बघा.

गोदाकाठचे दादा, दोन गोष्टी सांगा. सहा ओळींना एमसीबी वेगवेगळ्या आहेत का? आणि त्यांच्यावर अँपिअरच्या आकड्याआधी बी लिहिलंय की सी?

---

गोदाकाठचा | शुक्रवार, सकाळी १०:५०

ताई, तुम्ही लॅबमध्ये येऊन बघून गेलाव का? दुपारीच पडते! आम्ही म्हणायचो उन्हानं पडते.

ओळीगणिक एमसीबी आहे, सहाच्या सहा दारामागच्या पेटीत. तीनवर बी लिहिलंय, तीनवर सी. पडतात त्या बीवाल्या.

---

उजेड_येईल | शुक्रवार, दुपारी १:१५

मग कोडं सुटलं. बी प्रकारची रेटिंगच्या तीन ते पाच पट प्रवाहाला क्षणात पडते, सी पाच ते दहा पटीला. कॉम्प्युटरच्या ओळीला सी हवी. वायर आणि अर्थिंग बघूनच वायरमनकडून बदलून घ्या, स्वतः हात घालू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. पेटी दाराजवळ आहे ना? मग लाईट गेली की सहाही एमसीबी खाली पाडायच्या. लाईट आली की पाच मिनिटं थांबायचं, व्होल्टेज स्थिर होतं, एनटीसी थंड होतो. मग एक एमसीबी वर, पंधरा-वीस सेकंद, मग दुसरी. झटका सातांचाच बसेल. आणि बायॉसमध्ये सगळीकडे ‘ऑन’ असलं की ओळ आपोआप उठेल. ४२ बटणांच्या जागी सहा खटके.

---

मांजरा_थडी | शुक्रवार, दुपारी १:४०

ताई, _/\_

मग ‘लास्ट’ नको, ‘ऑन’च पाहिजे. संध्याकाळी नीट शटडाउन करून एमसीबी पाडली की ‘लास्ट’वाल्याला आठवणार मी बंद होतो, अन् सकाळी उठणारच नाही. ती तीन मशिनं आठवणीनं बदला.

---

एक_सदस्य | शुक्रवार, दुपारी २:२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

वाळूज_नाईटशिफ्ट | शुक्रवार, रात्री ११:१०

वर एका सदस्यांनी असेंबल मशिनांसाठी एका हत्याराची लिंक दिली होती, ती त्यांनीच काढली, बरं केलं. अशी हत्यारं बोर्ड बनवणाऱ्यांसाठी असतात, नेटवर फिरणाऱ्या प्रती कुणी कशा बनवल्या ते माहीत नसतं. त्यांत लपवलेल्या सेटिंगही दिसतात आणि भलती बदलली तर पडद्यावर अक्षर उमटत नाही. असेंबल मशीनला एफ-टू किंवा डिलीटच बरं. घरगुती मालिकेतल्या लॅपटॉपांवरही कंपन्यांची ही हत्यारं बहुधा चालत नाहीत, ती ऑफिसच्या मालिकांसाठी आहेत.

गोदाकाठचे भाऊ, लिहिण्याआधी अजून थोडं:

फाईलमध्ये शेकडो सेटिंग दिसतील. हात शिवशिवतील, आवरा. विशेषतः साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत. आमच्याकडे एका उत्साही पोराने एएचसीआय आणि रेडची अदलाबदल केली, दुसऱ्या दिवशी अकरा मशिनांवर निळा पडदा. डेटा शाबूत होता, पण विंडोजला डिस्क दिसेना. सेटिंग मागे फिरवल्यावर सगळी उठली, तोवर पोराचा चेहरा बघवत नव्हता.

सिक्युअर बूट, टीपीएम, बूटचा क्रम यांना हात लावायचा तर आधी बिटलॉकर (डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप) आहे का ते बघा. विंडोज ११ मध्ये कित्येकदा ते न विचारताच लागलेलं असतं. बदल केला की ते ४८ आकडी किल्ली मागतं आणि ती कुणाच्या तरी बदली झालेल्या सरांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ‘मॅनेज बीडीई’ने बिटलॉकर एका रीस्टार्टपुरतं थांबवता येतं. तुमच्या लाईटीच्या सेटिंगला याची गरज पडत नाही.

सेटअपचा पासवर्ड असेल तर तो कमांडसोबत द्यावा लागतो. एचपीत त्याची सांकेतिक फाईल बनवतात. डेलमध्ये तो सरळ कमांडमध्येच लिहितात, म्हणजे तुमच्या बॅच फाईलमध्ये उघडा पडतो. काम झालं की ती फाईल पोरांच्या मशीनवर सोडू नका. फ्लॉपीवाल्या काकांच्या वर्गातली पोरं अजून जन्माला येतात. लेनोव्होत जिथे पासवर्ड मुळातच नाही तिथे पहिला पासवर्ड कमांडने बहुधा लावता येत नाही, समोर बसूनच लावावा लागतो.

---

जुना_फ्लॉपीवाला | शनिवार, सकाळी ६:५०

त्या २०१६वाल्या चार मशिनांचा सेल बदला. सीआर२०३२, घड्याळवाल्याकडेही मिळतो. मीटरवर तीन व्होल्टच्या आसपास हवा.

नव्या मशिनांत सेटिंग फ्लॅश चिपमध्ये असतात, सेल मेला तरी पुसल्या जात नाहीत, फक्त घड्याळ मागे जातं. त्यामुळे लोक म्हणतात, सेलचं काय एवढं. पण इंटेलच्या चिपसेटात ‘लाईट आल्यावर उठायचं की नाही’ हे सांगणारा बिट सेलवर जगणाऱ्या भागात असतो. सेल मेलेला असेल तर कमांड ‘ऑन’ दाखवेल आणि मशीन वागेल भलतंच. तुम्ही कमांडला दोष द्याल.

आणि ताईंच्या युक्तीने रोज रात्री एमसीबी पाडणार, म्हणजे रात्रभर घड्याळ सेलवरच चालणार. एरवी ते भिंतीच्या लाईटीवर जगतं. सेल लवकर संपतील, सगळ्यांचेच. डझनाच्या भावाने आणून ठेवा.

---

चुलीवरची_भाकर | शनिवार, सकाळी ९:००

सेलच्या खरेदीची फाईल पण त्याच टेबलावर जाणार का?

---

गोदाकाठचा | मंगळवार, रात्री ८:३०

उशीर झाला, माफी. घोळ घातला होता, तो निस्तरत होतो.

डेल आणि लेनोव्होचं नीट झालं. उरलेल्या १४ मशिनांना म्हटलं, कशाला एकेक सेटिंग द्यायची, एका मशीनची अख्खी फाईल काढली आहे, चांदणी हलवू आणि तीच तेराजणांवर टाकू. टाकली. सगळ्यांवर यशस्वी. चहा पिऊन आलो. मग साहेब रजिस्टर घेऊन आले, डेडस्टॉक पडताळणी होती. माझ्या आधीच्या माणसाने प्रत्येक मशीनच्या बायॉसमध्ये ॲसेट नंबर भरून ठेवला होता. ते सेटिंगही त्या फाईलीत होतं. आता चौदाच्या चौदा मशिनं म्हणतात मी डेडस्टॉक नंबर २३!

वाळूजकरांनी आधी प्रत्येक मशीनची वेगळी फाईल काढायला लावली होती, त्यानेच वाचलो. जुन्या फाईलींतून नंबर शोधून एकेक परत घातला. शहाणपण आता आलं: फाईलमधलं सगळं पुसायचं, वरची ओळख सांगणारी ओळ आणि आपल्याला हवी तेवढीच सेटिंग ठेवायची. पाच ओळींची फाईल, तीच सगळ्यांना चालते.

सेल चारांचे बदलले, माझ्या खिशातून. त्यातलं एक मशीन फ्लॉपीवाल्या काकांनी सांगितल्यासारखंच वागत होतं: कमांडमध्ये ‘ऑन’, प्रत्यक्षात मुडदा. सेल बदलला, सेटिंग परत लिहिली, उठलं. वायरमननं तीन एमसीबी सी प्रकारच्या बसवल्या.

आमच्या शिपाई मामांनी पेटीत खडूनं १ ते ६ लिहून घेतलंय. काल तीनदा लाईट गेली. तिन्ही वेळा मामा घड्याळात पाच मिनिटं बघून एकेक खटका वर करायलेत, पोरं मागून मोठ्यानं आकडे म्हणायलेत. दुसऱ्या वेळी मामा पाचवी ओळ विसरले, तर पाचव्या ओळीतल्या पोरी आम्ही गप बसू म्हणाल्या, प्रॅक्टिकल नको होतं त्यांना.

पेट्यांच्या किल्ल्या आठ दिवसांपासून ड्रॉवरमध्ये आहेत.

---

बालाघाटी | मंगळवार, रात्री ९:१०

पाच मिनिटं थांबणारा माणूस सापडला हेच लई झालं. आमच्या डीपीवर असे मामा पाठवता का?

---

मांजरा_थडी | मंगळवार, रात्री ९:४५

वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्या लॅबला एमसीबी बघायला गेलो तर सगळ्या ओळींना मिळून एकच, तीही ६३ अँपिअरची. उद्या वायरमन शोधायलोय. ताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, जमलं तर बघा.